भिंतीला भोक नसल्याबाबत

माझ्या वडिलांनी सरकारी भिंतीला आरपार भोक पाडलं, त्या भोकातून वायर आली, आणि त्या वायरीमुळे माझी बहीण आज साडेआठशे किलोमीटर लांब बसून दगड तपासते.

असं काहीही घडलेलं नाही. तसं लेखी आहे. जावक क्रमांक ४१७, बघून घ्या.

“एक होल मारतो अण्णा, पाच मिनिटांचं काम,” इस्माईलभाई म्हणाला. वसाहतीत इंटरनेट जोडून देणारा तो आमच्या ओसरीवर उभा होता आणि भिंतीला तळहातानं थोपटत होता, म्हैस घ्यायला आल्यासारखा. “वीस एमेमचं. वायर आत, विषय संपला.”

“भिंत सरकारी आहे,” अण्णा म्हणाले.

“होल पण सरकारीच राहील की. मी कुठं घरी घेऊन चाललो?”

अण्णा हसले नाहीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, उंबरगोठा धरणाच्या ऑफिसात वरिष्ठ लिपिक होते आणि त्यांच्याकडे धरण वसाहतीतल्या क्वार्टरांच्या देखभालीचं टेबल होतं. वसाहतीत कुणालाही भिंतीला खिळा ठोकायचा असेल तर अर्ज या टेबलावर यायचा. अठ्ठावीस वर्षांत एकही खिळा ठोकला गेला नाही. लोकांनी देवसुद्धा खुर्चीवर बसवले होते.

आणि भिंती अशा की ठोकायची इच्छा व्हावी. धरण बांधून उरलेल्या काळ्या दगडात आमची क्वार्टरं बांधली होती. भिंतीची जाडी अडीच फूट. धरणाला गळती आहे, आमच्या घराला नाही. दगड वाटताना काहीतरी अदलाबदल झाली असावी, असं वसाहतीत दबक्या आवाजात बोललं जाई.

इंटरनेटचा राऊटर ओसरीवर टांगलेला होता, पाळण्यासाठी पूर्वीपासून असलेल्या कडीला. तिथे सिग्नल पूर्ण. उंबरा ओलांडला की निम्मा. दार ओढलं की शून्य. मोबाईलला रेंज फक्त धरणाच्या भिंतीवर मिळे, तिथे फोन बाहेर काढायला बंदी होती. दाराच्या फटीतून वायर आत घ्यायचा प्रयोग झाला होता. सागवानी दार एकदा नीट लागलं आणि वायर गेली. “फायबर आहे हो, सुतळी नाही,” इस्माईलभाई तेव्हा कळवळून म्हणाला होता. खिडक्यांना बारीक जाळी होती, तीही सरकारी. त्या जाळीतून डासांनासुद्धा परवानगी नव्हती.

एरवी आम्ही ओसरीवरच राहिलो असतो. पण गुरुवारी अकरा वाजता ताईची मुलाखत होती.

ताई, म्हणजे प्रणिता, भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेनं देशभरातून बारा जण घ्यायचे ठरवले होते आणि चाळीस जणांना व्हिडिओवर मुलाखतीला बोलावलं होतं. सूचना दोन पानी होत्या. खोली बंद हवी, खोलीत दुसरं कुणी नको, आणि संपर्क तुटला तर दहा मिनिटं वाट पाहून पुढच्या उमेदवाराला बोलावलं जाईल.

ताईनं लग्न लांबवायला अण्णांकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. ते त्याच महिन्यात संपत होतं. मग आत्यानं आणलेलं स्थळ बघायचं ठरलं होतं. मुलगा चांगला होता, त्याचं फरशीचं दुकान होतं. “दगडांशी संबंध तरी राहील,” ताई म्हणायची आणि उठून आत जायची.

ओसरीवरून मुलाखत देण्याची रंगीत तालीम आम्ही केली होती. मी परीक्षक झालो होतो. तिसऱ्या प्रश्नाला कठड्यावर एक माकड येऊन बसलं, त्यानं ताईचं उत्तर शांतपणे ऐकून घेतलं आणि लॅपटॉपचा चार्जर घेऊन गेलं. धरणाच्या बाजूला माकडं फार. सकाळी दहा ते बारा त्यांची वेळ ठरलेली, अगदी ऑफिसच्या लोकांपेक्षा नियमित.

“मग असं करा,” इस्माईलभाई म्हणाला, “होल नको तर दारात रिपीटर बसवा, सिग्नल पुढं ढकलायला.”

“रिपीटर एक आहे की घरात,” अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले. “दोन वर्षं बसूनच आहे.”

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला तिसऱ्यांदा होतो. माझं नाव संकेत. आईवडिलांनी फार आशेनं ठेवलेलं नाव. त्या घरात दार लावल्यावरही पूर्ण मिळणारा तेवढा एकच सिग्नल होता, आणि त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

“रिपीटरलासुद्धा सिग्नल मिळायला लागतो अण्णा,” इस्माईलभाई म्हणाला. “दार लावलं की तो पण नापास.”

“नियमानं करू,” अण्णा म्हणाले. “अर्ज करतो.”

आईनं आतून विचारलं, “कुणाकडे?”

“ऑफिसकडे.”

“म्हणजे तुमच्याकडेच ना?”

“माझ्या टेबलाकडे,” अण्णा म्हणाले. “माझ्याकडे नाही.”

इस्माईलभाईनं निघताना ड्रिल मशीन, त्याची तीन फूट लांब बिट आणि वायरीचं भेंडोळं आमच्या पलंगाखाली सरकवलं. “हे मी इथं विसरून चाललोय हां,” तो माझ्या कानात म्हणाला. “शुक्रवारपर्यंत मला काही आठवायचं नाही.”

अण्णांनी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. वळणदार अक्षरात, समास सोडून. ‘मी, मुरलीधर वाघचौरे, क्वार्टर क्रमांक नऊचा रहिवासी’ अशी सुरुवात होती. सकाळी ते तो अर्ज सायकलवरून ऑफिसात घेऊन गेले, स्वतःच स्वतःच्या हातून घेतला, आवक क्रमांक टाकला आणि शिक्का मारून पोच स्वतःला परत दिली. ती पोच त्यांनी आम्हाला जेवताना दाखवली. खूश होते.

“मग काय झालं अर्जाचं?” ताईनं मंगळवारी विचारलं.

“त्रुटी निघाली,” अण्णा म्हणाले. “अर्जदारानं जागेचा नकाशा जोडलेला नाही.”

“अर्जदार तुम्ही आहात अण्णा!”

“म्हणूनच तर जास्त काळजी घ्यायला हवी. लोक काय म्हणतील?”

“अहो, तुम्ही आणि अर्जदार एकाच ताटात जेवताय,” आई म्हणाली. “घास उतरला की विचारा त्याला, आहे का नकाशा म्हणून.”

अर्जदारानं हात धुतले आणि नकाशा काढला. फूटपट्टी, दोन पेन्सिली. मधली भिंत, ओसरीची बाजू, खोलीची बाजू, जमिनीपासून एक फूट नऊ इंचांवर एक फुली. बुधवारी नकाशा जोडला गेला. ताई खोलीत दार लावून बसली, लॅपटॉप उघडून, सिग्नलच्या रिकाम्या चिन्हाकडे बघत. मी दार ढकललं तेव्हा म्हणाली, “संक्या, फरशीच्या दुकानात ग्रॅनाइट पण ठेवतात ना रे?”

गुरुवारी अण्णा नेहमीप्रमाणे पावणेदहाला ऑफिसात गेले. जाताना ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “प्रक्रियेत आहे.”

मग आम्ही आमची व्यवस्था केली. दार चार बोटं उघडं ठेवायचं. त्या फटीत मी उभं राहायचं, राऊटर हात लांब करून आत धरायचा, पण मी स्वतः खोलीत यायचं नाही, कारण खोलीत दुसरं कुणी नको. उरलेला मी ओसरीवर. माकडांसाठी आई काठी घेऊन कठड्यापाशी. दोन वर्षं रिपीटर म्हणवून घेत होतो, शेवटी पद मिळालं.

अकराला मुलाखत सुरू झाली. पलीकडे तिघे होते. एक बाई, दोन पुरुष. सगळं इंग्रजीत. पहिली दहा मिनिटं उत्तम गेली. ताईचा आवाज मला माहीतच नव्हता असा निघत होता. मग माझा हात भरून आला. राऊटर हलका असतो, असं ज्याला वाटतं त्यानं तो दहा मिनिटं फटीत धरून बघावा.

अकरा चौदाला पहिलं माकड आलं. आईनं त्याला पिटाळलं. अकरा सोळाला ते बायकामुलं घेऊन आलं. एकानं वायर धरली. मी वायर धरली. माकड माझ्याकडे बघत होतं, मी माकडाकडे, आणि आमच्या दोघांमध्ये भारताच्या भूगर्भशास्त्राचं भवितव्य ताणलं गेलं होतं.

“हॅलो? सर? कॅन यू हिअर मी?” आतून ताईचा आवाज. मग, “संक्या! गेलं!”

आईनं काठी फेकून मारली. माकडानं वायर सोडली, काठी नेली. संपर्क आला, आणि पलीकडच्या बाईंचा तुटक आवाज ऐकू आला, की पुन्हा असं झालं तर आम्ही दहा मिनिटं थांबू, त्यानंतर मात्र पुढचा उमेदवार. ताई ‘येस मॅम’ म्हणाली आणि त्या ‘मॅम’वरच पुन्हा सगळं गेलं.

त्याच वेळी फाटकाशी सायकल लागली. अण्णा आले होते. खांद्याला पिशवी, हातात टपाल पोचवल्याच्या सह्या घ्यायची वही.

“मुरलीधर वाघचौरे इथेच राहतात का?” त्यांनी मला विचारलं.

मी बापाकडे बघत राहिलो. “अण्णा, ताईचं...”

“ऑफिसच्या कामानं आलोय. पत्र समक्ष द्यायचं आहे.”

“आहेत की,” आई म्हणाली. तिला घाम फुटला होता, पदर खोचलेला होता, पण आवाज अगदी थंड. “दारातच उभे आहेत. द्या त्यांना.”

अण्णांनी पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. वहीत सही केली, खाली तारीख आणि वेळ घातली. मग पाकीट उघडून वाचलं. आणि मला शपथेवर सांगता येईल, पत्र त्यांनी स्वतः लिहिलं होतं, स्वतः पाकिटात घातलं होतं, तरी वाचताना त्यांचा चेहरा पडला.

“नामंजूर,” ते म्हणाले.

“कुणी केलं?” आईनं विचारलं.

“नियमानं.”

आतून ताई म्हणाली, “दहा मिनिटं देतायत अण्णा. त्यातलं एक गेलं.” ती रडत नव्हती. रडली असती तर बरं, असा तो आवाज होता.

अण्णांनी पत्राची घडी घातली. घडीची घडी घातली आणि खिशात ठेवली. घड्याळ बघितलं. वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं. नंतर मी ते वाचलं, ‘११.२१ ते ११.४०, किरकोळ रजा’ असं होतं. इतक्या लहान रजेची तरतूद कुठल्याच नियमात नाही. मग त्यांनी शर्ट काढून कडीला अडकवला आणि बनियनवर उभे राहून म्हणाले,

“इस्माईलचं मशीन कुठल्या पलंगाखाली आहे?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी झाडू मारतो रविवारी.”

ओसरीवरच्या बटनाला मशीन लावलं. अण्णांनी पँटच्या खिशातून पत्रासोबत आलेला नकाशा काढला, नामंजूर झालेला, लाल शाईची फुली मारलेला, आणि पट्टीनं मोजून जमिनीपासून बरोबर एक फूट नऊ इंचांवर खूण केली.

“अण्णा, कुठंही मारा!” मी ओरडलो. “सात मिनिटं राहिलीत!”

“कुठंही नाही. इथं दोन दगडांची दरज आहे. आत चुना आणि चिपा. अंदाजपत्रकं वाचलीत मी या भिंतीची.” ते मला म्हणाले, “तू तुझ्या जागेवर जा. राऊटर धर. मिळेल तेवढा मिळू दे तिला.”

मी फटीत गेलो. मागे मशीन सुरू झालं. वसाहतीत अठ्ठावीस वर्षांत असा आवाज झाला नव्हता. माकडं क्षणात नाहीशी झाली. चुन्याची भुकटी अण्णांच्या केसांवर, भुवयांवर, मिशांवर बसत गेली. अण्णा अंगाचा सगळा भार देत होते. आई मागून त्यांची पाठ ढकलत होती. त्या दोघांना मी त्याआधी एकमेकांना हात लावताना पाहिलं नव्हतं.

आत एक रेघ उगवली. मग दोन. ताईच्या लॅपटॉपवर ते तिघे पुन्हा दिसायला लागले.

“मिस वाघचौरे,” त्यातले पिकल्या दाढीचे गृहस्थ इंग्रजीत म्हणाले, “हा मागे आवाज कसला येतोय?”

ताईनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात भिंतीतून बिट बाहेर आली. येताना खोलीच्या बाजूचा मुठीएवढा टवका सुटला आणि टेबलाखाली, थेट तिच्या पायांशी पडला. खोलीत धूळ. मशीन थांबलं. एकदम शांतता.

ताईनं तो तुकडा उचलला. उलटा केला. आत चिमूटभर पांढरे स्फटिक चमकत होते.

“सर,” ती म्हणाली, “हा आवाज साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आहे.”

मग ताईनं तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला आणि सुरू झाली. हा बेसाल्ट. ही लाव्ह्यातल्या वायूची पोकळी. त्या पोकळीत नंतर पाणी झिरपलं, त्यातून हे पांढरे स्फटिक वाढले. आमचं धरण याच दगडाचं, त्याला गळती का आहे तेही मी सांगू शकते. दाढीवाले पुढे झुकले. बाईंनी चष्मा लावला. इकडे अण्णा वायरीचं एक टोक राऊटरला खोचून दुसरं पडद्याच्या सळईला बांधून भोकातून आत सारत होते. वायरीचं टोक ताईच्या गुडघ्यापाशी, एक फूट नऊ इंचांवर, अलगद बाहेर आलं. तिनं न बघता ते घेतलं आणि लॅपटॉपला लावलं. सगळ्या रेघा भरल्या. मी हात खाली घेतला. खांद्यात त्यानंतर चार दिवस जीव नव्हता.

मुलाखत अर्धा तास ठरलेली होती, तासभर चालली.

अकरा चाळीसला अण्णांनी तोंड धुतलं, शर्ट घातला, वही पिशवीत टाकली. भुवया पांढऱ्याच राहिल्या होत्या.

“अण्णा, भोकाचं काय सांगायचं कुणी विचारलं तर?” मी म्हणालो.

“कुठलं भोक?” ते म्हणाले. “अर्ज नामंजूर झालाय.” आणि सायकलवर बसून गेले.

शनिवारी शाखा अभियंता साहेब आले. तोवर आईनं भोकात वायरीशेजारी लाकडी खुंटी ठोकून तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं. आमच्या घरातलं भिंतीवरचं पहिलं कॅलेंडर. गुडघ्याच्या उंचीवर असल्यामुळे तिथी बघायला उकिडवं बसावं लागे.

“वाघचौरे, गुरुवारी तुमच्याकडे काही आवाज आला म्हणे,” साहेब म्हणाले.

अण्णांनी नामंजुरीचं पत्र पुढे केलं. साहेबांनी ते वाचलं. मग कॅलेंडर बघितलं. कॅलेंडरखालून येणारी वायर बघितली. वायर भिंतीतून येत होती.

“म्हणजे भोक नाही?”

“परवानगी नसताना भोक कसं असेल साहेब?”

साहेबांनी वाकून कॅलेंडर सरळ केलं. “बरोबर आहे,” ते शेवटी म्हणाले. मग आवाज खाली आणून, “पासवर्ड काय आहे?”

तीन आठवड्यांनी ताईला पत्र आलं. फरशीवाल्या मुलाचं दुसरीकडे जमलं, सुखात आहे. ताईनं तो तुकडा सोबत नेला. संस्थेत तिच्या टेबलावर असतो म्हणे, चिठ्ठी लावून. चिठ्ठीवर ठिकाणाच्या जागी तिनं ‘क्वार्टर क्र. ९, ओसरी’ असं लिहिलंय. त्या वर्षी मीही पास झालो. त्याची कारणमीमांसा अजून झालेली नाही.

गेल्या महिन्यात अण्णा निवृत्त झाले. क्वार्टर सोडायची म्हणून सामानाची यादी पडताळायला त्यांच्या टेबलावर आलेली नवी लिपिक आली. शेलार मॅडम, वय चोवीस. दारं तीन, खिडक्या चार, कडी एक. मग त्यांनी उकिडवं बसून कॅलेंडर उचललं.

“हे काय आहे काका?”

“काय आहे?” अण्णा म्हणाले.

“भोक आहे.”

“यादीत आहे का?”

“नाही.”

“मग बघा.”

शेलार मॅडमनी यादी बघितली, भोक बघितलं. “सोमवारी सिमेंट भरायला सांगते,” त्या म्हणाल्या. अण्णा उठून ओसरीवर गेले.

मी आईबरोबर ट्रंक आवरत होतो. तळाशी एक पिवळं पाकीट निघालं. अण्णांच्या नावचं, अभियंता पदाच्या परीक्षेचं प्रवेशपत्र. अण्णा तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. पाकिटावर चार शिक्के होते, चार टेबलांचे, चार तारखांचे. वर लिहिलं होतं, ‘योग्य मार्गाने’.

“परीक्षेनंतर अकरा दिवसांनी हातात पडलं,” आई म्हणाली. “याच ऑफिसातून.”

“मग भांडले नाहीत?”

“कुणाशी? सगळ्यांनी नियमानंच पाठवलं होतं. कुणाची चूक नव्हती.” तिनं पाकीट परत ट्रंकेत ठेवलं, साड्यांच्या वर. “त्या गुरुवारी सकाळी काढून बघत होते. ऑफिसला जायच्या आधी.”

बाहेर अण्णा कडीला अडकवलेला राऊटर सोडवत होते. मी कागद घेतला, समास सोडला.

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
उंबरगोठा धरण.
(योग्य मार्गाने)

विषय: क्वार्टर क्र. ९ मधील भिंतीला भोक नसल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, सदर भोक पाडण्याचा अर्ज आपल्याच कार्यालयाने जावक क्र. ४१७ अन्वये नामंजूर केलेला आहे. सबब सदर भोक अस्तित्वात नाही. जे अस्तित्वात नाही ते बुजवण्यासाठी शासनाचे सिमेंट खर्ची पडू नये. तरी सदर नसलेले भोक आहे त्या स्थितीत, आहे त्या उंचीवर, कायमस्वरूपी जतन करण्यात यावे आणि त्यावर दरवर्षी नवीन कॅलेंडर लावण्यात यावे, ही नम्र विनंती.

सोबत: नकाशा, एक.